नानांच्या पाईपाची ट्रीटमेंट

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. बोदवड.
नाना, आमचे वडील, जाऊन येत्या सोळा तारखेला वर्ष होईल. त्यांचा तंबाखूचा पाईप पेटीतून काढला. ते कामाला होते त्या जिनिंग मिलमध्ये कापूस बघायला येणाऱ्या एका साहेबाने त्यांना दिलेला. नाना विड्या फोडून त्यातली तंबाखू ह्यात भरत. आयुष्यात एकदाही धुतला नाही. लाकडी वाटीत काजळीचा थर, नळीत काळा चिकटा. वाईट अवस्था. पण मी ठिबक सिंचनाच्या दुकानात सहा वर्षे आहे. चोक झालेला पाईप मोकळा करणे हेच माझे काम. दोन तासांत होईल.

सायं. ६. झाले नाही. साहित्याची यादी मात्र पूर्ण. शुद्धलेखन दोनदा तपासले.

३ फेब्रुवारी
ताईचा धुळ्याहून फोन. स्मृतिदिनाचा कार्यक्रम तिथेच देवपूरला, तिच्याच घरी, कारण जागा मोठी. म्हणाली, पाईप घेऊन ये, फोटोपुढे ठेवू, मग माझ्याकडेच राहू दे. नळीवर नानांच्या दातांच्या खुणा आहेत ना रे, तेवढंच राहिलंय त्यांचं. तू हात लावू नको, जसा आहे तसा आण.
ताईला माझ्या कष्टांची काळजी आहे. तिला सरप्राइज द्यायचे ठरवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार
व्हिडिओ पाहिला. वाटीत मीठ भरून त्यावर दारू ओतायची आणि रात्रभर ठेवायचे, असे तो परदेशी माणूस म्हणतो. दारू आणणार नाही. घरात नानांचा फोटो आहे. कोरोनातली सॅनिटायझरची बाटली शिल्लक होती, ती वापरली. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल असते. बाकी तीस टक्के काय असते ते लिहिलेले नाही.

पत्रिका छापून आली. ‘स्मृतीदिन’ छापले होते. परत पाठवली. ‘ति’ ऱ्हस्व असते. प्रेसवाला म्हणाला, कोण बघतंय भाऊ. मी बघतो.

७ फेब्रुवारी
पाईपाला लिंबाचा वास येतो. थर जागेवरच. आई म्हणाली, बापाच्या वस्तूले भांड्याच्या साबणासारखा वास काय करून ठेवला? हा तात्पुरता टप्पा आहे असे तिला समजावले.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज नळी. काळे रबर पिवळट पडले होते. तोंडाकडच्या टोकाला दोन खड्डे, एक वर, एक खाली. पॉलिश पेपर आणला. आधी ४००, मग ८००, मग १२००. अडीच तास. खड्डे पूर्ण गेले. नळी आरशासारखी. ताई ‘हात लावू नको’ म्हणाली होती ते कसाही हात लावणाऱ्याबद्दल. मी पद्धतशीर केले.

१० फेब्रुवारी, सोमवार
दुकानात नथ्थू आबा आले होते, केळीवाले. म्हणाले, पोरा, वर्ष होत आलं, तू अजून रडला नाही म्हणे. रडून घे एकदा, मोकळा होशील. मी म्हणालो, तब्येत ठीक आहे. त्यांना सोळा एमएमचे वीस जॉइनर दिले.
मालक अभिमनभाऊंना पाईपाचा प्रॉब्लेम सांगितला, लाकडाचे सांगायचे राहिले. ते हसले. म्हणाले, सहा वर्षं झाली रे प्रशील, चोकअपला काय सोडतात ते मला विचारतो? मार ना ॲसिड!
बरोबर. इतके दिवस मी परदेशी माणसाचे ऐकत बसलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ॲसिड ट्रीटमेंट, नियमाप्रमाणे. हातमोजे घातले. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. पाण्याचा सामू चार आला, पीएच पट्टीने तपासला. पाईप त्यात बुडवला. चोवीस तास बंद ठेवणे, नंतर फ्लश करणे. शेतकऱ्यांना रोज हेच सांगतो. आजवर एकाचीही तक्रार नाही.

१३ फेब्रुवारी
चोवीस तास पूर्ण. फ्लश केले. थर गेला. पॉलिशही गेले. लाकूड फुगून पांढरट झाले आणि वाटीला उभी चीर पडली. नळी भोकात जात नाही. ऐंशी टक्के यश.
आई दारात उभी राहून बघत होती. काय करू राह्यला तू? म्हणालो, मेन्टेनन्स. ती आत गेली.

१४ फेब्रुवारी
भोक कानशीने मोठे केले. जरा जास्त झाले. टेफ्लॉन टेपचे नऊ वेढे दिले. चिरेत पाईप जोडायचे सोल्युशन भरले. आता थेंबभरही लीक होणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. देवपूर.
ताईने पाईप हातात घेतला. तोंडाकडच्या टोकावर अंगठा फिरवला. उलटा करून पुन्हा फिरवला. म्हणाली, हा कोणाचा आणला?
नानांचा.
म्हणाली, नाही.
मी सगळी प्रक्रिया क्रमाने सांगितली. मीठ, सॅनिटायझर, ४००, ८००, १२००, सामू चार. दाजी म्हणाले, बठ्ठं धुई टाकं का भाऊ, सगळंच? ताई त्यांच्यावर ओरडली, तुम्ही हसू नका. दाजी हसत नव्हते.
फोटोपुढे मेणबत्ती आणि फुले ठेवली. त्रिसरण झाले. ताई रडली, आई रडली. पत्रिकेत एकही चूक नव्हती, पण ते कोणी बोलले नाही.
निघताना ताईने पाईप माझ्या पिशवीत टाकला. म्हणाली, तूच ठेव बाबा. तुला साफ करायला काहीतरी लागतंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ड्युटी. अभिमनभाऊंनी विचारले, निघालं का चोकअप? निघालं म्हणालो.
दुपारी डबा खाल्ल्यावर पाईप काढला. खुणा होत्या त्या जागी दात लावून बघितले. मग जोरात चावले. पुसून उजेडात धरला. खूण पडत नाही. रबर चांगल्या प्रतीचे आहे.