औषध काढल्यावर

४ ऑगस्ट
आज तेलीबांध्याच्या तळ्यावरून येताना माझा भाऊ दिनू आठवला. मी चौथीत, तो सहावीत. बाबा सायकल ढकलत होते, दिनू कॅरियरवर, मी मागून त्याची पाठ धरलेली. तळ्याकाठी एकच आलूगुंडा, म्हणजे बटाटेवडा, घेतला. "मोठा तुकडा मले," म्हणाला, "मी पेशंट आहे." बाबा हसले. मीही. तेव्हा तो धरून उभा राहत असे. पुढे पाय गेले, मग हात, मग श्वास.

स्नायूंचा तो जीन फार लांब. जीन पेशीत पोचवायला विषाणू वापरतात, त्याच्या कवचात हा मावत नाही. लोक छाटून घालतात. मला अख्खा हवा होता. म्हणून कृ.गु. – कृत्रिम गुणसूत्र. पेशीतल्या शेहेचाळीस गुणसूत्रांच्या शेजारी बसवायचं सत्तेचाळिसावं. नोकरीची शेवटची सगळी वर्षं त्यातच गेली. महिनाअखेरीस निवृत्ती.

७ ऑगस्ट
सात नंबर छान वाढतोय. हॅमस्टरच्या पेशींतलं कृ.गु. चिमुकल्या पुड्यांत बांधून स्नायूपेशींवर सोडायचं. पेशी भनपुरीच्या एका ट्रकवाल्याच्या मुलाच्या. त्याला दिनूचाच आजार. बहुतेक पेशी पुडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. घेतली तर गुणसूत्र तुटतं, नाहीतर दुसऱ्याच गुणसूत्रात घुसून बसतं. इतक्या वर्षांत एका पेशीने अख्खं, वेगळं ठेवून घेतलं. तिची लेकरं म्हणजे सात नंबर.

पण पेशी दुभंगताना ते दोन्ही लेकींना मिळतं की गळून पडतं? कृ.गु.मध्ये एक पेशीमारक औषध पचवणारा जीन आहे आणि हिरवा चमकणाराही. औषधात ठेवलं की कृ.गु. गमावलेल्या पेशी मरतात. उरतात त्या हिरव्याच. त्याला टिकणं म्हणत नाहीत. औषध काढून वाढवायच्या, मग बघायचं.

उ.ला (उज्ज्वला, नागपूरच्या कॉलेजपासूनची मैत्रीण, आता माझी हेड) सांगितलं.
"काहून काढतेस आताच? वीसला पाहुणे येऊन राहिले. पैसा त्यांच्या हातात आहे. हिरवं दिसू दे ना."
"मेलेल्या कोण मोजणार?"
"झाली सुरू कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांची शिकवण." मग म्हणाली, "कर बाई तुझ्या मनासारखं."

१० ऑगस्ट
औषध काढलं. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. डोळा बांधलेला असेपर्यंत माझी सहायक रेश्मा पेशी बघेल. मी मराठीत सांगते, ती हिंदीत ऐकते. "मैम, आप टेंशन मत लो, रोज़ फोटो भेजूँगी।" कुठल्या डोळ्याने बघू, विचारलं. लाजली.

१९ ऑगस्ट
सूक्ष्मदर्शीला नवा डोळा लावला. सगळं हिरवं. एकही काळी पेशी नाही. क्षणभर काय वाटलं ते लिहीत नाही.

मग वाटलं, एकही नाही? इतकं चांगलं नसतं. रेश्माला विचारलं. खाली बघत होती.
"हेड मैडम ने बोला था, मैम... पुरानी बॉटल से फीड कर दो।"
जुन्या बाटलीतल्या खाद्यात औषध आहे.

उ.च्या खोलीत गेले. "अगं सवयीनं सांगितलं असेल. जगल्या ना पेशी?"
सवयीनं. पंचवीस वर्षं पेशी वाढवलेली बाई.

पुन्हा औषध काढून उपयोग नाही. स्नायूपेशी मोजक्याच वेळा दुभंगतात. या आता पसरट, जाड झाल्यात. थकल्या. माझ्यासारख्या.

२० ऑगस्ट
पाहुणे. मोठ्या पडद्यावर हिरव्या पेशी. "टिकून आहे," उ. म्हणाली, इंग्रजीत, फार सुंदर. मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, औषध काढून पाहिलं का? उ.ने माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात तोंडी परीक्षेत अडकली की असंच बघायची.

मी म्हटलं, नाही.

जेवायला ती दुसऱ्या टेबलावर बसली.

२६ ऑगस्ट
पैसा बंद. आमच्या खोलीत आता बियाणं तपासणार.

उ. दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.
"एवढं एक खपलं असतं तर तुझी खोली वाचली असती. मी कोणासाठी केलं? मी तर दोन वर्षांनी घरीच बसणार आहे."
"दिनूसाठी केलंस असं म्हणू नको."
"म्हणणारच होते," म्हणाली, आणि गेली.

तिने दिनूला पाहिलं होतं. एका दिवाळीला त्याचे केस कापून दिले होते, कारण न्हाव्याकडे नेणं होत नव्हतं. हे मला विसरता आलं असतं तर रागावणं सोपं झालं असतं.

२९ ऑगस्ट
शाल, नारळ, चार भाषणं. उ.चं सगळ्यात चांगलं. माझ्याकडे न बघता केलं.

३० ऑगस्ट
सात नंबरच्या पहिल्या काही दुभंगांनंतर गोठवलेल्या तीन नळ्या आहेत. पेशी तरुण आहेत, पण पुढचं मला ठाऊक नाही. पशुवैद्यकीयवाल्यांनी त्यांच्या टाकीत जागा दिली, सांडांच्या वीर्याशेजारी. रेश्मासाठी लिहून ठेवते.

एक नळी रेश्माची. नागपूरला नवीन जागी रुजू होशील तेव्हा घेऊन जा. नळ्या वितळवताना घाई नको. पिपेटचं टोक कापून रुंद केल्याशिवाय कृ.गु.ला हात लावायचा नाही, अरुंद टोकात ते तुटतं.

दुसरी टाकीतच राहू दे. पहिली फसली तर.

भनपुरीच्या त्या मुलाच्या आईला फोन तू करायचास, हिंदीत. अजून माहीत नाही, एवढंच सांग. आशा लावू नकोस, काढूनही घेऊ नकोस.

माझा जुना सूक्ष्मदर्शी बियाणंवाल्यांना.

तिसरी नळी उज्ज्वला मॅडमना. शिपायाकडे नाही, त्यांच्या हातात. सोबत औषध देऊ नये.