खिडक्यांच्या फळ्यांचा टिकी बार

लाडक्या विल्माला थोरल्या भावाचे आशीर्वाद. ओहायोत थंडी सुरू झाली का? गुडघा कसा आहे?

इथे फ्लोरिडात मी मजेत आहे. परसातला टिकी बार बांधून झाला, अगदी हवाई बेटांवरच्या दारूच्या झोपडीसारखा. वर झावळ्यांचं छप्पर, दाराशी ताडाच्या बुंध्यात कोरलेला, दात विचकणारा देव. काउंटरसाठी गॅरेजमधल्या प्लायवूडच्या फळ्या कापल्या. जुन्या मालकाने त्यांवर आकडे का रंगवलेत, ते तेव्हा कळलं नाही.

काल शेजारचा हँक आला. रमचा ग्लास तसाच हातात धरून म्हणाला, "अरे बाबा, या तर वादळ आलं की खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या होत्या, आकडा त्या-त्या खिडकीचा. आता काय ठोकणार, ग्लासातल्या कागदी छत्र्या?" मोठं वादळ येतंय म्हणून लोकांनी सगळं उचललं, गावात प्लायवूडचा तुकडा उरलेला नाही.

वादळ दुसरीकडे वळेल, असं रेडिओवाला काल म्हणत होता. आज म्हणत नाही. गल्ली रिकामी झाली, पण एवढ्या मेहनतीचा बार टाकून मी कुठे जाऊ? तू उगाच काळजी करू नकोस.

गाव सोडून निघताना हँकने मला मार्कर दिला. मागे राहणाऱ्याने दंडावर नाव आणि घरच्यांचा फोन लिहायचा, म्हणजे नंतर शोधणाऱ्यांना सोपं जातं. मी तुझा लिहिलाय. नंबर जुनाच आहे ना?

तुझाच,
डेल्बर्ट