कीबोर्ड बंद, दोषी सगळे

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळपासून लॅपटॉपचा कीबोर्ड मेला आहे. टचपॅडही. स्क्रीन चालू, घड्याळ चालू, आतला पंखा चालू. मी काहीही दाबलं तरी ढिम्म. रविवारी टेस्ट आहे! कडोदऱ्याच्या मिलच्या ऑफिसात अकाउंट्स असिस्टंटची जागा. टायपिंग आणि एक्सेल, घरूनच ऑनलाइन. आजपासून रोज दोन तास सराव, असा संकल्प होता. पहिल्याच दिवशी हे.

कुंदनने काल पिक्चर पाहिला होता. गुन्हेगार सापडला. सख्खा भाऊ म्हणून सोडणार नाही. तो म्हणतो, "ताई, मी मोबाइलवर पाहिला." खोटं बोलतानाही चेहरा किती साधा ठेवतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फोनवर व्हिडिओ पाहिले. एक गृहस्थ सांगतात, पॉवरचं बटन तीस सेकंद दाबून धरा, शंभरातल्या नव्वद केसमध्ये बरं होतं. धरलं. आम्ही उरलेल्या दहांत. दुसरा म्हणतो, ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. कशाने काढू? कीबोर्डने! अशा माणसांना व्हिडिओ बनवू देतं कोण?

पप्पा पाळीवरून आले. कारखान्यात कापडाच्या लूमवर ठेवतात तसा लॅपटॉपवर हात ठेवला आणि म्हणाले, "गरम ते नई शे." मग तेल द्यायचं का विचारलं. मी ओरडले. जेवताना कळलं, त्यांनी सगळ्या कारखान्यात सांगून ठेवलंय, "मनी पोर हापिसमा बसनार शे." टेस्ट अजून व्हायचीय, पप्पा! पण घरात शिकलेली मी एकटीच. यांना परीक्षा म्हणजे पासच वाटते.

आई तिकडे ड्रेसवर टिकल्या लावत बसलेली. तिची सुई पडली की पूर्वी घरभर शोधाशोध. परवा मी जुन्या स्पीकरचं मोठं लोहचुंबक माझ्या लोखंडी टेबलाला चिकटवलं. आता सुया तिथेच ठेवायच्या, असा नियम. या घरात एवढी एकच गोष्ट शिस्तीत चालते, आणि ती माझी.

सराव झाला नाही. कारण उघड आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लॅपटॉप उधन्याला दीपकभाईंच्या दुकानात नेला. त्यांनी उघडला, दोन ओळी टाइप केल्या, टचपॅडवर बोट फिरवलं. "बेन, आ तो चाले छे." सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. घरी आणून टेबलावर ठेवला. बंद.

दीपकभाईंनी काहीतरी तात्पुरतं केलं असणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पुन्हा दुकान. पुन्हा चालतो. दीपकभाई म्हणाले, "बेन, लॅपटॉप नथी बगड्यो, तमारा घरथी रिसायो छे." घरावर रुसलाय म्हणे! आणि हसले. ग्राहकाच्या करिअरवर हसतात. घरी आणला. बंद.

शांत डोक्याने विचार केला. दुकानात चालतो, घरात नाही. म्हणजे दोष घरातल्या लाईटचा. आमच्या डिंडोलीचा व्होल्टेज! वीज कंपनीला कडक तक्रार लिहायला घेतली. हाताने लिहावी लागली. कुंदन मागून वाचत होता. म्हणे, "ताई, चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघ की." बघितलं. बंदच. तक्रार अर्धी राहिली.

मग म्हणे, "मावशीकडे बसून सराव कर, नाहीतर साधा वायरचा कीबोर्ड आण." मी स्पष्ट सांगितलं, रोग मुळापासून काढल्याशिवाय मी सराव करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आईने लॅपटॉपची नजर काढली. मीठ-मोहरी घेऊन तीनदा ओवाळलं. मी कडाडून विरोध केला. शिकलेल्या मुलीच्या घरात हे शोभतं का? मात्र मध्ये कोणी बोलू नये म्हणून तेवढा वेळ गप्प बसले.

फरक पडला नाही. मला माहीतच होतं. तरी आईवर रागावले. नीट लक्ष देऊन काढली नव्हती.

एक्सेलचं पुस्तक उशाशी ठेवलंय. उद्या एका दिवसात सगळं होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी रागाने दोन्ही हातांनी बटनं बडवत होते. आईची एक सुई कॉटखाली गेली, म्हणून तिने टेबलाचं लोहचुंबक उपटून नेलं. त्याच क्षणी स्क्रीनवर अक्षरांचा पूर! माझ्या बडवण्याला यश आलं, असं वाटलं. आईने सुई काढली, चुंबक परत टेबलाला लावलं. बंद. मी म्हटलं, काढ. चालू. लाव. बंद. आई म्हणाली, "तुनं डोकं ते ठीक शे ना, माय?"

फोनवर शोधलं. आमच्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण मागे वळते. मागे वळली की कीबोर्ड आणि टचपॅड आपोआप बंद होतात. वळली की नाही, हे मशीन आतल्या चुंबकावरून ओळखतं. आमच्या टेबलाच्या चुंबकामुळे त्याला आठवडाभर वाटत होतं की ते उलटं वळलेलं आहे.

हे कोणालाही सुचलं नसतं. स्पीकरवर तशी सूचना छापायला हवी होती. आणि आईने ते चुंबक सोमवारीच उपटलं असतं तर? तिला तसं बोलले. कुंदन म्हणाला, "ताई, निदान माझी माफी?" मी म्हटलं, आता वेळ नाही, सराव आहे.

पण इतकी दमले होते की पुस्तक उघडताच झोप लागली. ठीक आहे. मुख्य अडचण तर दूर झाली!

रविवार, १६ नोव्हेंबर

कीबोर्ड लोण्यासारखा चालला. टचपॅडही. नेट गेलं नाही, लाईट गेली नाही. आईने मिक्सर लावला नाही, कुंदन घराबाहेर उभा राहून पोरांना गप्प करत होता.

टायपिंगला मिनिटाला पस्तीस शब्द हवे होते. माझे एकोणीस. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवायच्या होत्या. कर्सर त्या चौकोनात उघडझाप करत राहिला. तोही अगदी व्यवस्थित. निकाल लगेच स्क्रीनवर आला. नापास.

पप्पा आज सुट्टी टाकून बाहेर ओट्यावर बसले होते. माझा चेहरा पाहून स्वतःच म्हणाले, "मशीन बंद पडनं ना? माले माहीत व्हतं." शेजाऱ्यांनाही त्यांनी तेच सांगायला सुरुवात केली, की पोरीची काही चूक नाही, मशीनच बेकार.

हो म्हणणं फार सोपं होतं. पण खोटं माझ्याने बोलवत नाही. म्हटलं, "नाही पप्पा. मशीन चांगलं चाललं."

पप्पांनी मला ओट्यावर शेजारी बसवलं. मग अगदी मनापासून विचारलं, "मंग काय बिघडनं?"

मी म्हटलं, जेवायला वाढते.