‘मेदाम्ल’ या शब्दाचे तूप आणि लोणचे झाल्याबाबत

दि. १४ जुलै

प्रति,
मा. गृहपाल,
सावली मुलींचे वसतिगृह, शहादा

विषय : कु. सोनम भरत पावरा (बारावी) हिच्या ताटातील तूप-लोणचे थांबवून डॉक्टरांना आजच विचारणेबाबत.
संदर्भ : डॉक्टरांची आहारचिठ्ठी, दि. ३ जुलै, माझी तोंडी विनंती, दोन वेळा.

महोदया,

सोनम माझी नात. तिच्या मोठ्या आतड्याला सूज येते, रक्त पडते. औषधाने सूज उतरल्यावर डॉक्टरांनी लिहून दिले, ‘लघुसाखळी मेदाम्ले वाढतील असा आहार हळूहळू वाढवावा.’ आपण मेद म्हणून तूप आणि आम्ल म्हणून लिंबाचे लोणचे सुरू केले, आणि मक्याची भाकरी जड म्हणून काढून टाकली. परवापासून तिच्या पोटात कळ येते. ती तुपानेच येते असे मी म्हणत नाही. पण रक्त दिसेपर्यंत थांबायचे का?

मी डॉक्टरांना भेटून आले. भाकरी-दाळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो आतड्यातले जंतू खातात व ही आम्ले तिथे तयार करतात. त्यांतल्या ब्यूटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, आणि सूज वाढवण्याचा जो निरोप पेशींमध्ये फिरतो तो त्याने मंदावतो. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, औषध सोडायचे नाही, हेही त्यांनी सांगितले. पण मेदाम्ल ताटात वाढायची वस्तू नाही.

हे स्वयंपाकघरात सांगितले तर गजराबाई म्हणाल्या, “मावशी, कागदवर जे शे ते मी वाढस. मन्हा हातमा काय शे?”

महोदया, आपण दुसरीत माझ्या वर्गात होता. पहिल्या बाकावर, कानात लाल दोरा. शब्द अडला की फोडून वाचायचा, हे मीच शिकवले. आपण ‘मेद’ आणि ‘आम्ल’ बरोबर फोडलेत. म्हणून या चुकीत निम्मी मी आहे, आणि म्हणूनच मला घरी बसवत नाही.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर आहे. कृपया तो आपण स्वतः लावावा. त्यांनी भाकरी नको म्हटले तर तेही मान्य. मी फाटकाजवळच्या बाकावर आहे. धडगावची शेवटची गाडी पाचला सुटते. उत्तर आले नाही तर ती मी आज सोडणार आहे.

आपली जुनी बाई, आजची अर्जदार,
कालीबाई जान्या पावरा
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

सोबत :
१) चिठ्ठीची प्रत, नंबर लाल शाईने अधोरेखित
२) मक्याचे पीठ, दोन किलो