पिंजऱ्याला घासणारी चेन

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
लेकीची सायकल आजपासून माझ्या ताब्यात. पॅडलपाशी कटकट आवाज येतो म्हणते. बाबा, तेवढा नट आवळून द्या, म्हणाली. नट आवळणं म्हणजे वरवरची मलमपट्टी. मी मुळापासून इलाज करणार. माझी जुनी सायकल भंगारात गेली तेव्हा तिचा क्रँक मी काढून ठेवला होता. पॅडलचे दांडे, पुढची दोन दातेरी चक्रं, मधला एक्सल, सगळं अस्सल लोखंड. तोच बसवतो. जेवायच्या आत होईल.

संध्याकाळी.
बसला. एक्सल जरा लांब निघाला, त्यामुळे चक्रं बोटभर बाहेर आली आहेत. असू दे, साफ करायला बरी. तिचा मूळचा क्रँक ॲल्युमिनियमचा, हातात घेतला तर वजनच नाही. असला माल किती दिवस टिकणार? भंगारवाला दारातच होता, देऊन टाकला. अडगळ नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
लेक औषधांच्या गोदामात लागली आहे. सकाळी सहाची पाळी, त्या वेळी बस नसते, सायकलच हवी. तीन महिने ट्रायल. सुपरवायझरने आधीच सांगून ठेवलंय, तीन लेट मार्क पडले की घरी बसायचं.
आज पहिला पडला.
चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायला पुढे पत्र्याचा एक पिंजरा असतो. त्याला चेन घासते आहे. मधेच दोन चक्रांच्या फटीत शिरून अडकतेही. लेक म्हणाली, बाबा, काल नुसती कटकट होती, आज करवत चालली आहे. मी म्हटलं, नवीन जागी माणूससुद्धा थोडे दिवस घासतो, मग बसतो. ही आतून म्हणाली, मी तर लग्न झाल्यापासून घासते आहे, अजून बसले नाही.
हिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही. (संकल्प.)

५ फेब्रुवारी, बुधवार.
पिंजऱ्यावर दोन बारीक स्क्रू सापडले. एकाशेजारी एच, दुसऱ्याशेजारी एल. कंपनीची अक्षरं असणार. एच आवळला, घासणं वाढलं. एल सैल केला, चेन आतल्या बाजूला खाली पडली. दोन्ही होते तसे केले. पण होते कसे, ते आठवत नाही.
उद्यापासून प्रत्येक फेरा मोजून करायचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
फेरे मोजत होतो. ही चहा घेऊन आली, अहो साखर घातली का मी, विचारलं. मोजणी गेली.
लेकीने मोबाइलवर काहीतरी वाचलं. म्हणे नऊ गिअरची चेन बारीक असते आणि तुमची चक्रं जुन्या जाड चेनची. शिवाय एक्सल लांब, म्हणून चक्रं पिंजऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली. माझाच क्रँक परत बसवा, म्हणजे मिटलं. मोबाइलला काय कळतंय लोखंडातलं? मग तिने विचारलं, माझा क्रँक आहे ना नीट? म्हटलं, धुऊन वाळत ठेवलाय.
हे खोटं नाही. ज्याने नेला त्याने कदाचित धुतला असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
शास्त्रीय विचार केला. चेन पिंजऱ्याला घासते, तर पिंजराच पातळ करावा. कानस घेऊन बसलो. दुपारपर्यंत पत्र्याला भोक पडलं. मग पक्कडीने वाकवून जागा करायला गेलो. आधी एकाच बाजूला घासत होती, आता दोन्ही बाजूंना घासते. निदान समतोल साधला.
थोडा दोष लेकीचाही आहे. पाय वाकडे टाकते. लहानपणापासून सांगतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार.
दुसरा लेट मार्क.
भर चौकात चेन अडकली. हात काळे करून पोचली. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, मॅडम, तुम्ही गोदामात लागलात की गॅरेजमध्ये? घरी आली, हात धुतले, खोलीत गेली. जेवताना मी मीठ मागितलं तर माझ्याकडे न बघता सरकवलं. आता एकच लेट मार्क उरला.
ही म्हणाली, पोरीची नोकरी जाईल आणि तुम्ही स्क्रूच पिळत बसाल. मला काय आनंद होतोय? जेवण गेलं नाही. ते हिला दिसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.
भंगारवाल्याकडे गेलो. म्हणाला, काका, तो माल परवाच ट्रकमधून गेला, आता कुठेतरी पातेलं झालं असेल त्याचं. घरी परत आलो. हिला सांगावं लागलं, कारण हिने नुसतं बघितलं. म्हणाली, तुम्ही सांगता की मी सांगू? म्हटलं, आधी चेनचा आवाज बंद करतो, मग सांगतो. यशस्वी माणसाचं लोक समजून घेतात.

१० फेब्रुवारी, सोमवार.
वॉशर घातले. काढले. दुसऱ्या बाजूने घातले. कानातलं यंत्र काढून ठेवलं तर आवाज निम्मा होतो. म्हणजे निम्मा दोष यंत्राचा आहे. वारंटी बघितली पाहिजे.
लेक आज शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसून गेली. शेजारीण उद्यापासून गावाला.
संध्याकाळी आणखी एक वॉशर घातला. मन म्हणतं, हाच.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
आवाज बंद!
यंत्र कानात घालून ऐकलं. लेक दारातून आत आली ती हवेसारखी. हात स्वच्छ. वेळेवर पोचले म्हणाली. मी फार काही बोललो नाही, थोर माणसं बोलत नाहीत. मेहुण्याला मात्र फोन करून वॉशरचं तत्त्व सविस्तर समजावलं. तो म्हणाला, दाजी, मी बँकेच्या रांगेत उभा आहे. तरीही समजावलं.
सायकल दुरुस्तीचा छोटा वर्ग काढावा का? विचार करतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
विद्यार्थ्यांना दाखवायला आकृती काढावी म्हणून सायकलपाशी बसलो. पिंजरा जागेवर नाही.
लेकीला विचारलं. म्हणाली, सोमवारी तुम्ही जेवत होता तेव्हा काढून टाकला. चेन लहान चक्रावर ठेवली. जे घासतंय तेच नको. मी म्हटलं, अगं, मग पुढचा गिअर कसा बदलणार? तर म्हणे, बाबा, पुढचा गिअर मी कधी बदललाच नाही, रस्ता सगळा सपाट आहे.
आठवडा गेला माझा. आधी सांगायचं नाही?
क्रँकचं तिला ठाऊक होतं. आईने रविवारीच सांगितलं होतं. रागावली नाही, हे जास्त लागलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाली, नोकरी पक्की होईपर्यंत सायकलला हात लावू नका, एवढंच करा माझ्यासाठी.
कबूल केलं. शब्द म्हणजे शब्द.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
हात लावला नाही. खुर्ची टाकून लांबून बघितली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी.
सायकलला हात लावलेला नाही. फक्त मागच्या टायरला लावला, तो सायकलमध्ये धरत नाहीत. हवा किंचित कमी वाटली. अर्धवट हवेवर भरण्यापेक्षा पूर्ण काढून नव्याने भरलेली चांगली. पूर्ण काढली.
पुढच्या चाकाचीही काढली, दोन्हीकडे सारखी हवी म्हणून.
पंप शेजारणीकडे आहे. शेजारीण गावाला. दुकान बंद झालं आहे. पाळी सकाळी सहाची.
लेक आत गाणं गुणगुणत डबा भरते आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. आधी हिला सांगावं म्हणतो. नको. हिला नको.