तळ्याला दिलेली लेक

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

डोळे सुजलेत. कसला हा सिनेमा!

जव्हारच्या कॉलेजात दुपारी फुकट दाखवत होते. आमच्या शाळेतल्या चंद्रकलाबाई म्हणाल्या, 'चला वनमालाबाई, जुन्या राजा-राणीचा आहे.' मोखाड्याहून जीपने गेलो. कसली राणी! तळ्याला पाणी लागत नाही म्हणून पाटलाची सून तळ्याला द्यायची — शेकडो वर्षांपूर्वीची दंतकथा. गाणं नाही, भांडण नाही. पोर नुसती पायऱ्या उतरते. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला. मागची मुलं शिट्ट्या मारत होती. बाई म्हणाल्या, 'किती संथ हो! मला तर झोप आली.'

मी काठाकडेच बघत होते. काठावर त्या पोरीची आई उभी होती. आदल्या दिवशी पोर माहेरी पळून आलेली. आईने तिची वेणी घातली, ओटी भरली आणि हाताला धरून परत आणली. पाणी गळ्याशी आलं तेव्हा पोरीने एकदा वळून बघितलं — आईने पदर सारखा केला!

मी तरी काय वेगळं केलं? गेल्या मे महिन्यात अवंती नाशिकहून, सासरहून आली. दंडावर वळ. हे म्हणाले, 'राहू दे तिला.' मीच म्हटलं, 'सगळ्याच घरांत होतं. लोकांना काय सांगू?' तिसऱ्या दिवशी मीच तिला पोचवून आले. दारात तिने मागे बघितलं. मी बसची वेळ बघत होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

अवंतीचा फोन. 'बरी आहे गं आई.' दर रविवारी एवढंच. पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. यांना न सांगता खोडाळ्यावरून नाशिक गाठलं. म्हटलं, आज पोरीला घेऊनच येते. दार तिच्या सासूने उघडलं.

'अवंती? ती जूनमध्येच गेली की घर सोडून! आम्हाला वाटलं, तुम्हीच ठेवून घेतली.'

पायरीवरच बसले. तिथूनच फोन लावला. 'कुठे आहेस गं?' तुझ्या सासरच्या दारात बसलेय म्हटलं. मग म्हणाली, 'नोकरी करते. ठीक आहे. पत्ता विचारू नकोस, आई. तू मला परत पोचवशील.'

२१ फेब्रुवारी

यांना सांगायला बसले, तर यांनी मान खाली घातली.

यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! महिन्यातून एकदा जाऊन भेटतात तिला. म्हणाले, 'तिनेच शपथ घातली होती — आईला सांगायचं नाही.'