शववाहिकेतली खटखट

म्हणजे अजून तुमचं तेच! चूक माझीच म्हणून फोन आपटलात. ठीक आहे मामा, आता कागदावर ऐका, इथं मध्येच ओरडता येणार नाही. (साष्टांग नमस्कार आहेच. गुडघा कसा आहे ते मामीला विचारीन, तुम्ही खरं सांगणार नाही.)

मागच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलताना फोनवर मी विचारलं होतं, या बारीक पत्र्याच्या क्लिपा कुठं बसवू? तुम्ही म्हणालात, "फेकून दे, कंपनी उगाच शोभेला घालते." एवढा मोठा मिस्त्री बोलतोय म्हटल्यावर मी सातवी नापास काय तोंड उघडणार! फेकल्या. ब्रेक लागले झकास, पण प्रत्येक खड्ड्याला मागून खट् खट्.

आता मी चालवतो शववाहिका (तुम्ही गावभर 'मोठी गाडी' म्हणून सांगता ती). मागं पेटीत एक म्हातारे गृहस्थ, पुढं माझ्याशेजारी त्यांचा मुलगा आणि बायको. पहिल्याच खड्ड्याला मुलगा पांढराफटक. "थांबव, बाबा आतून ठोकतायत!" थांबलो, पेटी उघडली. बाबा होते तसेच. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. मुलानं माझा हात धरला, तर म्हातारी म्हणते कशी, "थांबू नकोस रे बाळा, दामट गाडी. जन्मभर उठवत-बसवत आले मला. आता ठोकू देत."

मालकाचा हुकूम सुटला, आवाज जात नसेल तर किल्ली ठेव आणि चालू लाग. मग सगळेच शहाणे झाले. टायरवाल्यानं दिसेल तो नट आवळला. मालकानं (याला डिझेल कुठून भरतात तेही माहीत नाही) सीट बदलायला लावली. माझा खोलीतला सोबती पेटीच्या जागी आडवा पडून कान लावत होता. सिग्नलला कंटाळून उठून बसला, तर शेजारची स्कूटरवाली किंचाळून स्कूटर टाकून पळाली.

शेवटी माझंच डोकं चाललं. ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी खड्ड्यात घातली. आवाज बंद! म्हणजे पॅडच मोकळे उडत होते, तुमच्या त्या शोभेच्या क्लिपांवाचून. नव्या बसवल्या. गाडी आता गिऱ्हाइकांसारखीच गप्प आहे. यावर काही बोलायचंय?

थोरांना नमस्कार, पोरांना टपल्या.

तुमचा बिनडोक भाचा

ता. क. मालक खूश होऊन म्हणाला, बाकीच्या गाड्यांचे ब्रेकही तूच कर, पगार वाढवतो. मी छाती काढून हो म्हटलं. मामा, पुढच्या चाकांचं मला ओ की ठो कळत नाही. रविवारी फोन घ्या.

आणखी एक. या वेळी व्हिडिओ लावीन, वस्तू बघून बोला. मामी म्हणाली, तुम्हाला हल्ली नीट दिसत नाही आणि तुम्ही कुणाला सांगत नाही. भांडण नंतर करू, आधी चष्मा करून घ्या. पाठवतोय, दोन हजार.